खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६, गोळेश्वर – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत, तर कुस्तीतील पुढच्या पदकासाठी २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. लहान चण आणि चपळता यांमुळे ते ‘पॉकेट डायनॅमो’ या नावानेही ओळखले जात.

भारताचा सर्वश्रेष्ठ मल्ल कोण, या चर्चेत खाशाबांचे नाव त्यांच्या आधीच्या गामा पहिलवानाबरोबर आणि नंतरच्या सुशील कुमार, रवी दहिया, अमन सेहरावत यांच्याबरोबर घेतले जाते. वेगवेगळ्या काळांतील मल्लांची अशी काल्पनिक जोड लावताना नियम, वजनगट, आखाड्याचा पृष्ठभाग आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा या सर्वच गोष्टी बदललेल्या असतात. खाशाबांच्या पदकाचे मोल ठरवतानाही त्यांचा विचार करावा लागतो.

सुरुवातीचे जीवन

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे होते. वडील दादासाहेब हे स्वतः पहिलवान असल्याने घरात कुस्तीचे वातावरण होते आणि कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना वडिलांकडूनच मिळाले. कृष्णा-कोयनेच्या या परिसरात जत्रा आणि उरुसांत कुस्त्यांचे फड भरत. लहान वयापासून खाशाबा अशा फडांत उतरू लागले आणि वयाने व अंगाने मोठ्या मुलांना चीत करणारा मुलगा म्हणून त्यांचे नाव पंचक्रोशीत झाले.

त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात सातारा जिल्हा चळवळीचे मोठे केंद्र होता. त्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य करणाऱ्यांमध्ये खाशाबांचाही सहभाग होता, असे त्यांच्या चरित्रांत नमूद केलेले आढळते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांनी दिलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूर हे त्या वेळी कुस्तीचे प्रमुख केंद्र बनले होते. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. जड अंगाच्या पहिलवानांचा बोलबाला असलेल्या त्या काळात खाशाबांची कुस्ती वेगळी होती. ताकदीपेक्षा वेग, तोल आणि डावांची अचूक वेळ यांवर त्यांचा भर असे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव मानला जाई.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची भारतीय संघात निवड झाली. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर त्यांची बहुतेक कारकीर्द लाल मातीत गेली होती. गादीवरील कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम या दोन्हींची त्यांना फारशी सवय नव्हती. मातीच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हाच निकालाचा मार्ग असतो. त्यामुळे काही काळ पोटावर पडून बचाव करण्यात मल्लाचे नुकसान होत नाही. गादीवर मात्र ताबा आणि आक्रमण यांनाही मोल असते आणि चितपट न होताही कुस्ती गमावता येते. लंडनमध्ये अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना या पद्धतीचे शिक्षण दिले.

खाशाबा फ्लायवेट (५२ किलो) गटात खेळले. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना पराभूत केले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. अखेर त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीवरील कुस्तीचा अल्प अनुभव लक्षात घेता ही कामगिरी उल्लेखनीय ठरली. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या या पहिल्या ऑलिंपिकमध्ये जपान व जर्मनी यांना निमंत्रण नव्हते आणि सोव्हिएत संघानेही भाग घेतला नव्हता.

हेलसिंकीची तयारी

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी पुढील चार वर्षे तयारीला वाहून घेतली. त्यांनी फ्लायवेटऐवजी वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वजन कमी ठेवण्याच्या ताणातून त्यांची सुटका झाली, तरी समोर येणारे मल्ल अधिक ताकदीचे असणार होते.

१९५२ च्या संघनिवडीत त्यांना डावलण्यात आल्याची तक्रार झाली. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर पुन्हा चाचणी कुस्ती घेण्यात आली. ती जिंकून त्यांनी संघातील स्थान मिळवले, असे त्यांच्या चरित्रलेखनात सांगितले जाते.

निवडीनंतर पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावकरी आणि परिचितांनी वर्गणी गोळा केली, पण ती अपुरी पडली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्पर्धेहून परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांतून आलेल्या पैशांतून हे कर्ज फेडले. कोल्हापूरचेच केशव माणगावे हेदेखील या स्पर्धेसाठी भारतीय संघात होते. फेदरवेट गटात त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत आजच्यासारखी सरळ बाद पद्धत नव्हती. विजयाच्या आणि पराभवाच्या प्रकारानुसार मल्लाच्या नावावर नकारात्मक गुण जमा होत. चितपट करून जिंकल्यास एकही नकारात्मक गुण लागत नसे. पंचांच्या कौलावर जिंकल्यास थोडा, तर हरल्यास जास्त भार पडे. ठरावीक मर्यादा ओलांडली की मल्ल बाद होई. शेवटी उरलेल्या मल्लांमध्ये पदके ठरत. कुस्तीची वेळ १५ मिनिटे असे आणि निकाल तीन पंचांच्या कौलावर अवलंबून असे.

खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिकिन, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवून अखेरच्या तिघांत स्थान मिळवले. तेथे त्यांची गाठ जपानचे शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशी पडली. इशिई यांच्याबरोबरची लांबलेली कुस्ती गमावल्यानंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना मम्मदबेयोव यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले आणि त्या वेळी आक्षेप नोंदवण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे वर्णन अनेक ठिकाणी आढळते. ही कुस्तीही खाशाबा हरले. इशिई यांना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. निकालाची तारीख २३ जुलै १९५२ अशी नोंदली जाते.

याच स्पर्धेत भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशातील बहुतेक प्रसिद्धी त्या विजयाला मिळाली. कराड परिसरात मात्र खाशाबांचे जंगी स्वागत झाले. त्यांच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या, असे सांगितले जाते.

पोलीस सेवा व अखेरची वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिक स्पर्धेत त्यांना उतरता आले नाही. पोलीस दलात असताना त्यांनी अंतर्गत स्पर्धांत यश मिळवले आणि तरुण मल्लांना मार्गदर्शन केले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. मात्र बढती त्यांना अगदी अखेरीस मिळाली आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले.

१९८२ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या आशियाई स्पर्धेच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

इतर काळांतील मल्लांशी तुलना

काल्पनिक लढतींची परंपरा

भिन्न काळांतील खेळाडूंना कल्पनेत एकमेकांसमोर उभे करण्याची हौस सर्वाधिक मुष्टियुद्धात दिसते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत संगणकाच्या साहाय्याने असे सामने ‘खेळवण्यात’ आले. निवृत्त अपराजित विजेते रॉकी मार्सियानो आणि त्या वेळी बंदीमुळे मुष्टियुद्धापासून दूर असलेले मुहम्मद अली यांच्या काल्पनिक लढतीचे चित्रीकरण १९६९ मध्ये झाले व ते १९७० मध्ये प्रदर्शित करण्यात आले. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो जिंकले, तर युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली. एकाच लढतीचे दोन निकाल लागल्याने या पद्धतीची मर्यादा उघड झाली. निकाल मुष्टियोद्ध्यांपेक्षा गृहीतकांवर आणि प्रेक्षकांच्या अपेक्षांवर ठरला होता. कुस्तीतील तुलनेलाही ही मर्यादा लागू पडते.

गामा पहिलवान आणि खाशाबा

गामा (१८७८–१९६०) आणि खाशाबा यांची तुलना अनेकदा केली जाते. परंतु गामा हे खाशाबांपेक्षा कितीतरी जड मल्ल होते. परंपरागत कुस्तीत ठरावीक वजनगट नसून जोड पाहून कुस्ती लावली जाई. अशी जोड लावणारा जाणकार गामा आणि खाशाबा यांना समोरासमोर उभे करणार नाही. त्यामुळे ही तुलना वजनाच्या प्रमाणातील कौशल्याचीच होऊ शकते.

नियम आणि पृष्ठभाग यांचा परिणाम गामा यांच्या स्वतःच्या कारकिर्दीतही दिसतो. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचे स्तानिस्लाव झ्बिश्को यांनी गादीवर पडून बचाव करत अडीच तासांहून अधिक काळ गामांना रोखून धरले आणि लढत अनिर्णित राहिली. १९२८ मध्ये पतियाळात हेच दोन मल्ल पुन्हा भेटले, तेव्हा आखाडा भारतीय पद्धतीचा होता आणि गामांनी एका मिनिटाच्या आत कुस्ती निकाली काढली. मधल्या १८ वर्षांत दोघांचेही वय वाढले होते. तरीही त्याच दोघांच्या लढतीचा निकाल परिस्थितीनुसार किती बदलू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

५७ किलो गटातील नंतरचे मल्ल

खाशाबांची अधिक न्याय्य तुलना त्यांच्याच वजनगटातील मल्लांशी होऊ शकते. १९५२ मधील बँटमवेट गटाची मर्यादा ५७ किलो होती. आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीतही ५७ किलोचा गट आहे आणि त्यात भारताने आणखी दोन ऑलिंपिक पदके मिळवली आहेत. टोकियो येथे २०२१ मध्ये रवी दहिया यांनी रौप्य, तर पॅरिस येथे २०२४ मध्ये अमन सेहरावत यांनी कांस्यपदक जिंकले. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच गटात सुवर्णपदक मिळवले.

आकडा सारखा असला तरी परिस्थिती सारखी नाही. आजची कुस्ती तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. १० गुणांची आघाडी मिळताच ती संपते. गुण सतत फलकावर दिसत असल्याने कोणाला केव्हा धोका पत्करायचा हे कळते. टोकियोच्या उपांत्य फेरीत दहिया २-९ असे मागे होते आणि त्यांनी अखेरच्या क्षणांत प्रतिस्पर्ध्याला चितपट केले. अशी लढत आजच्या नियमांतच समजू शकते. १५ मिनिटे चालणाऱ्या आणि पंचांच्या कौलावर संपणाऱ्या कुस्तीत दम राखणे हे वेगळेच कौशल्य होते. सहा मिनिटांच्या लढतीत आधुनिक मल्लाचा वेग आणि पायावरील हल्ले खाशाबांना जड गेले असते, असे मानता येते. तसेच १५ मिनिटांच्या लढतीत शेवटची मिनिटे आधुनिक मल्लाला जड गेली असती, असेही म्हणता येते.

वजनाबाबतही फरक आहे. आजचे मल्ल एरवी गटाच्या मर्यादेपेक्षा बरेच जड असतात आणि आहारतज्ज्ञ, वैद्य व प्रशिक्षक यांच्या देखरेखीखाली वजन उतरवतात. पॅरिसमध्ये उपांत्य लढतीनंतर सेहरावत यांचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलो जास्त भरले होते आणि रात्रभरात ते कमी करण्यात आले. खाशाबांच्या पाठीशी अशी यंत्रणा नव्हती. प्रवासखर्चाचीच भ्रांत असलेल्या मल्लाच्या कामगिरीची तुलना पूर्णवेळ प्रशिक्षण घेणाऱ्या मल्लाशी करताना हे अंतर लक्षात घ्यावे लागते.

पदकांच्या संख्येतही बदल झाला आहे. २००८ पासून ऑलिंपिक कुस्तीत प्रत्येक गटात दोन कांस्यपदके दिली जातात. १९५२ मध्ये कांस्यपदक एकच होते. त्यामुळे खाशाबांचे स्थान निर्विवाद तिसरे होते. दुसरीकडे, आज ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळवण्यासाठी पात्रता स्पर्धांतून जावे लागते आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील अनेक देश स्वतंत्रपणे मल्ल पाठवतात. त्यामुळे आजच्या स्पर्धेतील पहिल्या फेरीपासूनच प्रतिस्पर्धी कसलेले असतात.

काल्पनिक लढतींपेक्षा अधिक विश्वासार्ह मोजमाप म्हणजे मल्लाने आपल्याच काळात कोणाला हरवले आणि तो कोणाकडून हरला. हेलसिंकीत जपान व जर्मनी परतले होते आणि सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. म्हणजेच लंडनपेक्षा हेलसिंकीचे मैदान अधिक कठीण होते. अशा मैदानात, वरच्या वजनगटात, खाशाबा सहाव्या स्थानावरून तिसऱ्या स्थानावर आले. त्यांचे दोन्ही पराभव सुवर्ण आणि रौप्यपदक विजेत्यांकडून झाले. इशिई यांचे सुवर्ण हे त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्णपदक होते आणि जपानी कुस्तीच्या पुढील दीर्घ यशाची ती सुरुवात ठरली.

समकालीन तुलनेतील अडचण

एकाच काळातील मल्लांची तुलनाही नेहमी सोपी नसते. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या संघटनांनी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवल्या. अहिल्यानगर शहरातील स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ, तर कर्जत येथील स्पर्धेत वेताळ शेळके विजेते ठरले. एका जिल्ह्यात, एकाच हंगामात एकाच किताबाचे दोन मानकरी झाले आणि त्यांतील श्रेष्ठ कोण हे त्या निकालांवरून ठरू शकले नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोन्हींचे विजेते अखेर एकमेकांशी लढतात. खाशाबांना मातीतून गादीकडे जे अंतर एकट्याने आणि परदेशात पार करावे लागले, ते आज राज्यस्तरीय स्पर्धेच्या रचनेतच सामावलेले आहे.

सन्मान व वारसा

हयातीत खाशाबांना मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. पद्म पुरस्कारही त्यांना दिला गेला नाही. त्यांच्यानंतरच्या अनेक ऑलिंपिक पदकविजेत्यांना मात्र पद्म पुरस्कार मिळाले. ही विसंगती दूर करण्याची मागणी त्यांचे कुटुंबीय आणि कुस्तीप्रेमी अनेक वर्षे करत आले आहेत. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी नवी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये टेनिसपटू लिएंडर पेस यांनी, तर कुस्तीतील पदक २००८ मध्ये सुशील कुमार यांनी मिळवून दिले. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा ही प्रतीक्षा संपली.